जांभळ्या ओढणीतला फोटो

मला राग फार उशिरा येतो. आधी भीती येते. मग वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. मग समोरच्या माणसानं आपल्यासाठी कधी काय काय केलं ते आठवत बसते, आणि तेवढ्यात रागावायची वेळ निघून जाते. त्या दसऱ्यानंतर जो राग आला तो मात्र आला तसा राहिला. अजून आहे. लिहिताना बोटांत येतो, इतका जवळ आहे.

आमचं ऑफिस क्रांती चौकापासून जरा आत, एका गल्लीत, वरच्या मजल्यावर आहे. कंपन्यांना, दवाखान्यांना, मंगल कार्यालयांना वॉचमन आणि साफसफाईच्या बाया पुरवायच्या, हा आमचा धंदा. ज्या जागी आमचा माणूस उभा राहतो तिला आम्ही पॉइंट म्हणतो. कुठल्या पॉइंटवर कोण, किती वाजता, कोणाच्या जागी कोण, हे ठरवण्याला म्हणायचं ड्युटी लावणं. मी इथं आले ती फरशी पुसायला. आता ड्युटी मी लावते. मधला सगळा प्रवास मॅडममुळं झाला, हे मी आधीच सांगून टाकते, कारण ते खरं आहे आणि त्याच्यामुळंच पुढचं सगळं अवघड झालं.

मॅडम म्हणजे आमच्या मालकीण. माझं गाव गोंदियाच्याही पलीकडं, धानाच्या आणि तळ्यांच्या मुलखात. गावातली एक बाई वाळूजला कामाला होती, तिच्या मागं मी आले. सातवीच्या पुढं शिकले नव्हते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, पुढची शाळा शेजारच्या गावात, आणि वाट तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून. त्या पाळीवर काही पोरं बसायची. शिट्ट्या मारायची, एकदा एकानं सायकल आडवी घातली. मी घरी सांगितलं. घरी बैठक झाली आणि ठरलं की मी शाळेत जायचं नाही. पोरं पाळीवर बसतच राहिली. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं साधी गोष्ट म्हणून सांगायचे, लोक शाळा का सोडली असं विचारायचे तेव्हा.

ऑफिसात पहिल्या दिवशी ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता. रात्रभर बसमध्ये अंगाखाली बॅग घेऊन बसले होते, कुर्त्याची खांद्यावरची शिवण उसवली होती. मी सारखी हातानं झाकत होते. मॅडमनी ते पाहिलं, स्वतःच्या गळ्यातली जांभळी ओढणी काढून माझ्या खांद्यावर नीट पसरली आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, आता काढ. फोटो झाल्यावर ओढणी परत घेतली. ती ओढणी मी पुन्हा कधी घातली नाही. त्यानंतर त्यांनी मला खोली बघून दिली, घरमालकीण काकूंना स्वतः फोन करून मुलगी चांगली आहे म्हणून सांगितलं, ताप आला तेव्हा डब्यातून मऊ भात पाठवला, आणि बाकीचे हसत असताना मला दोन बोटांनी टाइप करायला बसवलं. अशा माणसावर रागवायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

टाइप करायचं ते ड्युटीचं पान. ऑफिसच्या कोपऱ्यात पाण्याच्या फिल्टरशेजारी एक काळा डबा घरघरत असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. पान त्याच्यात असतं आणि ऑफिसमधल्या कंप्युटरवर उघडतं. त्यावर प्रत्येकाचा फोटो, नाव, मोबाइल नंबर, राहायचा पत्ता, काही झालं तर घरी कुणाला कळवायचं त्याचा नंबर, आणि आजची ड्युटी कुठं आणि कधी. पानाला पासवर्ड नव्हता. आमचे कंप्युटरवाले सर, जे चार-पाच ऑफिसांचं बघतात आणि बोलावलं की हेल्मेट हातात धरूनच आत येतात, ते म्हणायचे की घरातल्या घरात कोण कडी लावून बसतं. पान ऑफिसच्या बाहेर दिसत नव्हतं, त्यामुळं त्यांचं चुकत नव्हतं.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला मॅडम स्वतः पूजा करतात. वॉचमन लोकांच्या काठ्या, शिट्ट्या, टॉर्च, बायांचे मॉप, सगळं धुऊन ओळीनं मांडायचं. कंप्युटरला हळद-कुंकू, झेंडूचा हार. त्या काळ्या डब्यालाही. आणि मॅडमचा नियम असा की पूजलेल्या वस्तूला दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत हात लावायचा नाही. डबा चालू राहिला तर चालतो, पण कीबोर्डला बोट लागता कामा नये. दरवर्षी आम्ही आदल्या दिवशी चार्ट कागदावर काढून सुपरवायझर लोकांना वाटायचो. पण दसऱ्याला गाड्यांच्या शोरूमला माणसं जास्त लागतात, ऐनवेळी बदल होतात, आणि कागद तर बदलत नाही. त्या वर्षी मॅडमना वेरूळला जायचं होतं. तिथं त्यांच्या सासरच्यांचं लॉज आहे, सुट्टीत पर्यटक फार. तिथून ड्युटी कशी बघायची, असा प्रश्न आला.

कंप्युटरवाल्या सरांनी पूजेच्या आधी डब्यात काहीतरी केलं आणि म्हणाले, घ्या, आता पान कुणाच्याही फोनवर, कुठूनही दिसेल. सगळ्यांनी आपापल्या फोनवर उघडून पाहिलं. मला फार कौतुक वाटलं. हार घातलेल्या मशिनला हात न लावता, फोनवरूनच बदल करून काम होत होतं, देवाचंही राहिलं आणि कंपनीचंही. लिंक सुपरवायझर लोकांच्या ग्रुपवर गेली. त्यांनी ती वॉचमन लोकांना पाठवली. त्यांनी आणखी कुणाला पाठवली ते कुणालाच माहीत नाही.

दसरा झाला. हार वाळले, मी ते उतरवून झाडाच्या कुंडीत टाकले. उघडलेलं दार बंद करायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यांना ते सोयीचंच झालं होतं. बिडकीनच्या कंपनीच्या गेटवरचा आमचा सुपरवायझर केबिनमध्ये बसून पान बघायचा, मॅडम वेरूळला गेल्या की तिथून बघायच्या.

पहिला फोन आला तेव्हा पाणी भरणं चाललं होतं. आमच्या भागात पाणी यायचा दिवस म्हणजे घरातलं प्रत्येक भांडं बाहेर असतं. मी जिन्यात पाइप धरून उभी होते. फोनवरच्या माणसानं माझं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. मला वाटलं बँकेचा असेल. मग त्यानं विचारलं की त्याच गल्लीत राहता ना, टाकीच्या मागं. मग विचारलं, आज सुट्टी आहे ना. मी फोन ठेवला. पाइप तसाच वाहत राहिला आणि खालून काकू ओरडल्या.

त्यानंतर फोन येतच राहिले. वेगवेगळे आवाज, वेगवेगळे नंबर. कुणी नुसतं नाव घेऊन हसायचं. कुणी विचारायचं, चहाला येता का. एकानं माझी ड्युटी कधी सुटते ते मला सांगितलं. मी रस्ता बदलला. मग पुन्हा जुन्याच रस्त्यानं जायला लागले, कारण नवा रस्ता सुना होता. खोलीची कडी लावून झाल्यावर परत उठून बघायची सवय मला आधीपासूनच आहे. त्या दिवसांत ती सवय वाढली. आणि सबंध वेळ मी एकच गोष्ट शोधत होते, की माझं कुठं चुकलं. रिचार्जच्या दुकानात नंबर मोठ्यानं सांगितला होता का. कुणाशी हसून बोलले होते का.

काकूंनी एके दिवशी जिन्यात थांबवलं. वाईट नाहीत त्या, सणाला ताट पाठवतात. पण म्हणाल्या, "पोरी, लई फोन येत्यात तुला. आमच्याकडं पण पोरी हायेत. मी काय म्हणते ते समजून घे." मी समजून घेतलं. थँक्यूसुद्धा म्हटलं. नंतर खोलीत जाऊन मला कळलं की मी कशाबद्दल थँक्यू म्हटलं ते मला माहीत नाही.

मग गावाहून भावाचा फोन आला. मोठा भाऊ, मला शाळेतून काढायच्या बैठकीत बसलेला. त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. कुण्या माणसानं त्यालाच फोन केला होता आणि विचारलं होतं की तुमची बहीण कुठल्या पॉइंटवर असते, आम्हाला भेटायचं आहे. भाऊ त्याला काय बोलला ते त्यानं मला सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाला, "काय करून राहिली तू तिथं? सामान बांधून ठेव. शनिवारी येतो तुले घ्यायले."

मी म्हटलं, भाऊ, मी काही केलं नाही. तो म्हणाला, केलं नाही तर त्याच्यापाशी माझा नंबर कसा गेला.

हा प्रश्न बरोबर होता. भावाचा नंबर मी या शहरात कुणालाच दिलेला नव्हता. रात्री पडल्या-पडल्या मी तेच घोळवत राहिले, पण डोकं भीतीनं भरलेलं असलं की त्यात दुसरं काही शिरत नाही. उत्तर मला दुसऱ्या दिवशी फोन करणाऱ्यानंच दिलं. दुपारी, जेवणाचा डबा उघडलेला असताना. तो म्हणाला, "जांभळ्या ओढणीत लई भारी दिसता तुम्ही."

माझ्याकडं जांभळी ओढणी नाही. कधीच नव्हती. जगात माझा एकच फोटो आहे ज्यात माझ्या खांद्यावर जांभळी ओढणी आहे, आणि तो मी स्वतः त्या पानावर चढवला होता.

डबा तसाच ठेवून मी जिना उतरून गल्लीत आले. ऑफिसचं वायफाय बंद करून स्वतःच्या फोनवर ती लिंक उघडली. पान उघडलं. माझा चेहरा, माझी गल्ली, माझा नंबर, भावाचा नंबर. खाली सरकवत गेले तर सगळ्या बाया. एकीखाली एक, हसऱ्या, घाबरलेल्या, डोळे मिटलेल्या. कुणीही बघावं असं. बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहून मी ते बघत होते, आणि तिथं मला राग आला. मला आठवतंय, पहिल्यांदा वाटलं की आपल्याला ऊन लागलं.

दवाखान्याच्या पॉइंटवर काम करणारी एक मावशी तेव्हा ऑफिसला आली होती, तिला मी जिन्यातच गाठलं. मावशी ऑफिसातली सगळ्यात जुनी. खंडेनवमीच्या पूजेला ती कधी नसते, दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरी साडी नेसून बुद्ध लेणीवर वंदनेला जायचं असतं, त्याची तयारी. तिला मी पान दाखवलं. तिनं चष्मा वर केला, स्वतःचा फोटो शोधला आणि म्हणाली, हे व्हय. म्हणून तो मेला मला रोज फोन करतो. तिला वाटलं होतं कुठल्या तरी लॉटरीवाल्याचा असेल. "मला म्हातारीला विचारतोय, येती का म्हणून. मी म्हणलं ये बाबा, फरशी पुसायला मला एक माणूस कमीच हाय."

मी हसले, आणि हसता हसता रडायला आलं. मावशीनं माझ्याकडं बघितलं आणि तिचं हसणं थांबलं. तिनं मला विचारलं, बिडकीनकडची ती नवी लग्न झालेली पोरगी आठवते का, मागच्या आठवड्यात काम सोडून गेलेली. तिच्या नवऱ्यानंच सोडवलं. फोन यायचे म्हणून.

मी मॅडमकडं गेले. शक्य तितक्या हळू आवाजात सगळं सांगितलं, फोन दाखवला. मॅडमना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, असं कर, तू सिम बदलून टाक, मी सांगते दुकानात. आणि थोडे दिवस बाहेरच्या पॉइंटकडं जाऊ नकोस. खोली बदलायची असेल तर माझ्या ओळखीत बघते.

मी म्हटलं, आणि पान?

त्यांनी कंप्युटरवाल्या सरांना फोन लावला, स्पीकरवर. सर म्हणाले, त्यात काही अवघड नाही. आपण दाराशी एक वॉचमन बसवू. इंटरनेटच्या प्रत्येक लाइनला एक पत्ता असतो. आपल्या ऑफिसचा पत्ता आणि बिडकीनच्या केबिनचा पत्ता एवढे दोनच त्याच्याकडं लिहून द्यायचे. त्या दोन ठिकाणांहून कोणी आलं की आत, बाकी सगळ्यांना परत. बोलता बोलता त्यांना आठवलं आणि ते म्हणाले, पण मॅडम, मग वेरूळहून तुम्हाला दिसणार नाही बरं का. तिथल्या लाइनचा पत्ता सारखा बदलतो. पक्का पत्ता मागून घ्यावा लागेल, त्याला वेळ जाईल.

मॅडम थोडा विचार करून म्हणाल्या, मग दिवाळीनंतर बघू. दिवाळीत लॉज भरलेलं असतं, मला तिथून हलता येत नाही. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, तोपर्यंत तू सिम बदल.

मी "बरं" म्हटलं. मी बरं म्हणणारी बाई आहे. खुर्चीवर जाऊन बसले आणि मग एकेक ऐकू यायला लागलं. सिम मी बदलायचं. रस्ता मी बदलायचा. खोली मी बदलायची. काकूंच्या मनाप्रमाणे मी गप्प राहायचं, भावाच्या मनाप्रमाणे मी गावी जायचं. त्या नव्या पोरीनं काम सोडायचं. आणि दार उघडं राहायचं, कारण वेरूळला लॉजच्या गॅलरीत बसून एका माणसाला चार्ट बघायचा आहे. आमचा धंदा काय तर दुसऱ्यांच्या दारावर माणसं बसवणं. गेटवर नाव विचारल्याशिवाय आम्ही कुणाचा टेम्पो आत सोडत नाही. आणि आमच्या बायांच्या दारावर कोणी नाही.

आणि मला ती पाळ आठवली. तेव्हाही असंच झालं होतं. पोरांना कुणी उठवलं नाही, मला घरी बसवलं. इतकी वर्षं मी त्याला शिक्षण सुटलं म्हणत होते. ते सुटलं नव्हतं, सोडवलं होतं. आणि त्याबद्दलही मी घरच्यांचे आभारच मानत आले होते, की त्यांना माझी काळजी होती.

शनिवारी सकाळी भाऊ आला. रेल्वेनं नागपूर, तिथून ट्रॅव्हल्स, डोळे लाल. खांद्यावर एक मोठी रिकामी बॅग, माझे कपडे भरायला आणलेली. काकूंच्या दारात त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी म्हटलं, भाऊ, आधी ऑफिसला चल, मग बांधू. तो म्हणाला, तिथं काय आहे. मी म्हटलं, तुझा नंबर कुठून गेला ते आहे.

ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर त्याला बसवून मी त्याच्याच फोनवर ती लिंक उघडून दिली. भावाला वाचायला वेळ लागतो. बोट ओळीवर ठेवून तो वाचत गेला. माझं नाव, गल्ली, आणि खाली "घरचे" म्हणून त्याचं नाव आणि नंबर. त्यानं वर बघितलं. मी सांगितलं की हे मीच भरलं होतं, तेव्हा हे फक्त आतल्या कंप्युटरवर दिसायचं, दसऱ्याला बाहेर उघडलं आणि कुणी परत लावलं नाही. तो बॅग मांडीवर घेऊन बसून राहिला.

शनिवारी पुढच्या आठवड्याचा चार्ट लावायचा असतो. दुपारपर्यंत तो चढला नाही तर संध्याकाळच्या बदलीच्या माणसांना कुठं जायचं ते कळत नाही आणि फोनचा भडिमार सुरू होतो. मी कंप्युटर सुरू केला आणि हात मांडीवर ठेवून बसले. मॅडम दोनदा केबिनबाहेर येऊन गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, चार्ट झाला का गं?

मी म्हटलं, "नाही. पान बाहेरून बंद होईपर्यंत मी नाही लावणार."

ऑफिसात बाकीचे होते, ते आपापल्या कामात फार गुंतल्यासारखे झाले. मॅडम जवळ आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, त्या कधीच चढवत नाहीत. म्हणाल्या, "तुझ्यासाठी मी काय केलं नाही? आणि तू मला अट घालतेस?"

हेच वाक्य मला रोज रात्री घाबरवत होतं. ते आलं, आणि आल्यावर कळलं की माझ्याकडं त्याचं उत्तर आहे. मी म्हटलं, "केलं मॅडम. सगळं केलं. त्या फोटोतली ओढणी तुमची आहे. माझा फाटलेला खांदा दिसू नये म्हणून तुम्ही दिली होती." "आता त्या ओढणीत मी कशी दिसते, ते मला रोज नवा माणूस फोन करून सांगतो."

मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांच्या गळ्यात त्या दिवशी दुसरी कुठली तरी ओढणी होती, तिचं टोक त्या बोटांत गुंडाळत राहिल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील की सामान घे आणि जा, आणि बाहेर भाऊ रिकामी बॅग घेऊन बसलेलाच आहे. भीती इतकी झाली की कीबोर्डकडं हात जायला लागला. मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

त्या केबिनमध्ये गेल्या. काचेतून दिसलं, फोन कानाला लावला होता. मला एवढंच ऐकू आलं, "नाही दिसलं तर नाही दिसलं. मी फोन करून विचारीन. तुम्ही आत्ता या."

कंप्युटरवाले सर हेल्मेट हातात घेऊन आले. ते जे काम दिवाळीनंतर होणार होतं ते त्यांनी मी दिलेला चहा गार व्हायच्या आत केलं. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं. उलट आणखी संताप आला. इतकंच होतं. एवढ्याशा कामासाठी ती बिडकीनची पोरगी घरी बसली होती.

सर म्हणाले, बघा आता. मी बाहेर जाऊन भावाला म्हटलं, उघड. त्यानं उघडलं. पान आलं नाही, परवानगी नाही असं काहीतरी इंग्रजीत आलं. त्यानं पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. मग तो उठून जिना उतरला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तिथून उघडून बघितलं, आणि परत आला.

मी आत गेले आणि चार्ट लावला. मॅडम जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "झालं ना आता? तुझ्यासाठी केलं बरं." मी त्यांच्याकडं बघितलं. पानावर सगळ्या बाया होत्या, माझ्या एकटीसाठी कसं झालं? पण तेवढं बोलायची ताकद उरली नव्हती. त्या दिवशी मी कुणालाच थँक्यू म्हटलं नाही, आणि ते न म्हणणं मला दिवसभर दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखं जाणवत राहिलं.

बिडकीनच्या पोरीच्या घरी मी स्वतः फोन केला. सासूनं उचलला. मी सांगितलं की तिची काही चूक नव्हती, चूक ऑफिसची होती, आता सगळं बंद केलंय, तिला परत पाठवा. सासूनं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. ती परत आली नाही. दार लावलं म्हणून बाहेर गेलेलं परत आत येत नाही. मलाही फोन येत राहिले, कमी कमी होत, पण येत राहिले. सिम मी बदललं नाही. फोन आला आणि मावशी जवळ असली की तिच्या हातात देते. ती स्पीकरवर टाकून त्याच्या आईची विचारपूस सुरू करते.

भाऊ त्या संध्याकाळी बाकड्यावरच बसला होता. मी बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. तो बॅगेकडं बघत होता. मग म्हणाला, "त्या पाळीवरच्या पोट्ट्यायले उठवता आलं असतं व तेव्हा." एवढंच. माझ्याकडं न बघता. मी म्हटलं, हो. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण तो थकलेला होता, आणि हे वाक्य त्यानं नागपूरहून इथंवर आणलं नव्हतं, इथंच बसून शोधलं होतं.

रिकामी बॅग घेऊन गावी कसं जायचं, असं त्याला वाटत असावं. क्रांती चौकाच्या वाटेवर हातगाडीवर दौलताबादकडची सीताफळं होती. आम्ही बॅग भरून घेतली. मी सांगितलं, बॅगेवर काही ठेवू नकोस, मांडीवर घेऊन बस. ट्रॅव्हल्सच्या खिडकीतून त्यानं विचारलं, कडी नीट लागते ना खोलीची. लागते म्हटलं. मला ते दोनदा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. सीताफळं अर्धी चिरडली होती, बॅग चिकट झाली होती, आई ओरडत होती. मग म्हणाला, "आत्ता उघडून पाह्यलं. बंदच हाय." अजूनही आठवड्यातून एकदा गावाहून फोन करतो, धानाचं सांगतो, आईचं सांगतो, आणि ठेवायच्या आधी ती लिंक उघडून बघतो. मी फोन धरून थांबते. "बंदच हाय," तो म्हणतो, आणि मग ठेवतो.